दत्तक आलेली वयस्क गिनी पिग : पहिल्या पंधरवड्यात काय आधी, काय नंतर

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. ओळखीच्या कुटुंबातील मुलगी शिक्षणासाठी परदेशी गेली, म्हणून तिची सुमारे पाच वर्षांची मादी गिनी पिग, चिंगी, आपण बारा दिवसांपूर्वी पुण्यात आपल्या घरी आणली. आल्या दिवशी तिचे वजन ७८० ग्रॅम होते, आज ते ७१५ भरले. दोन्ही कुशींवरचे केस विरळ झाले आहेत, हनुवटी ओलसर असते, ढोबळी मिरचीचा तुकडा ती उत्साहाने तोंडात घेते आणि चघळून तसाच खाली टाकते. एकदा अंथरुणावर गुलाबी डाग दिसला, मागच्या पायांचे तळवे लाल आहेत आणि नखे कोयत्यासारखी वळली आहेत. जुन्या घरी तिला सशाचे पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या), कोबी, गाजर आणि अधूनमधून पोळीचा तुकडा मिळत असे. आपल्या घरी एक ससाही आहे. आपण विचारता, की हे सारे म्हातारपणामुळे आहे का, आणि जीवनसत्त्व क सुरू केले तर पुरेल का.

दोन्ही प्रश्नांचे माझे उत्तर नकारार्थी आहे. गिनी पिगचे आयुष्य साधारण पाच ते आठ वर्षांचे असते, तेव्हा चिंगी वयस्क आहे यात शंका नाही. परंतु निव्वळ वयामुळे हनुवटी ओली होत नाही की लघवीत रक्त दिसत नाही. त्यामागे कारण असते आणि ते बहुधा शोधता येते. जीवनसत्त्व क तिला द्यायलाच हवे, पण आजच्या घडीला तिचा जीव त्यावर अडलेला नाही.

खरी अडचण मला वेगळी दिसते. आपल्यापुढे एक आजार नसून पाच-सहा तक्रारी एकदम उभ्या आहेत. त्यांतल्या काही जुन्या घरी दोन-तीन वर्षे मुकाट्याने साठत आल्या असतील, काही जागा, माणसे आणि खाणे बदलल्यामुळे उघड झाल्या असतील, तर काही वयाबरोबर येणाऱ्या आहेत. गिनी पिग हा शिकार होणारा प्राणी असल्याने तो दुखणे शक्य तितके लपवतो. जुन्या घरच्यांच्या लक्षात काही आले नाही म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नव्या घरच्या माणसाची नजर ताजी असते आणि त्याला सगळे एकाच आठवड्यात दिसते. मग होते असे, की केसांसाठी एक औषध, पायांसाठी दुसरे, नवा पिंजरा, नवे खाणे असे सगळे एकदम सुरू केले जाते आणि कशाने काय झाले ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून निदानाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, इथे क्रम महत्त्वाचा आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मी निदान सांगू शकत नाही. क्रम मात्र सांगू शकतो.

क्रमात पहिले येतात ते ६५ ग्रॅम. बारा दिवसांत वजनाचा बारावा हिस्सा गेला आहे. साठ किलोच्या माणसाचे तेवढ्याच दिवसांत पाच किलो जावेत, तसे हे आहे. माझ्या दवाखान्यात आठवडाभरात ५० ग्रॅम घट झाली की मी कान टवकारतो आणि १०० ग्रॅम झाली की त्याच दिवशी प्राणी बोलावून घेतो. आपण वजन केलेत, हे या साऱ्या हकिगतीतले सर्वांत उपयोगी काम आहे. यापुढे स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर एक डबा ठेवून रोज सकाळी एकाच वेळी, खाणे देण्यापूर्वी वजन करावे आणि वहीत लिहावे.

वजनाला एवढे महत्त्व का, ते सांगतो. या प्राण्याचे आतडे सतत चालू राहण्यासाठी बनलेले आहे. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या मोठ्या पिशवीत गवताचा चोथा आंबत राहतो आणि वरून नवा चोथा आला तरच ते पुढे सरकते. खाणे थांबले की आतडे मंदावते, वायू धरतो, पोट दुखते आणि दुखते म्हणून खाणे आणखी कमी होते. दुसरीकडे उपाशी शरीर स्वतःची चरबी मोडू लागते, ती यकृतात साचते, आणि प्राणी मुळात लठ्ठ असेल तर हे फार वेगाने घडते. त्यामुळे बारा ते चोवीस तास काहीही न खाणे ही या जातीत तातडीची अवस्था समजावी. चिंगी पूर्ण उपाशी नाही, म्हणून आपल्याला एखाददुसऱ्या दिवसाची सवड आहे, आठवड्याची नाही. तिच्या लेंड्या पाहाव्यात. चांगली लेंडी लांबट, गुळगुळीत, साधारण तांबूस-काळी असते. ती लहान, कोरडी, टोकदार किंवा माळेसारखी जोडलेली दिसू लागली, तर पोटात कमी जात आहे असे समजावे, मग वाटीतील खाणे कितीही विस्कटलेले दिसो.

दरम्यान तिला हाताने भरवावे लागेल. पेलेट कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, पातळ पिठल्याइतके सैल करावे. एक मिलीची सुई नसलेली सिरिंज समोरून न घालता ओठाच्या बाजूने, पुढच्या दातांच्या मागच्या फटीत टेकवावी आणि अर्धा-अर्धा मिली सोडून ती चावून गिळेपर्यंत थांबावे. तिला उताणे कधीही धरू नये. मांडीवर टॉवेलात गुंडाळून, चारही पाय खाली ठेवून बसवावे, नाहीतर घास फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ८० मिली हे प्रमाण पूर्ण उपाशी प्राण्याचे; चिंगीच्या वजनाला ते ३५ ते ५५ मिली होते. ती थोडे स्वतः खात असल्याने निम्म्यापासून सुरुवात करावी आणि वजन पाहून वाढवावे. एक अपवाद मात्र लक्षात असू द्या : पोट ढोलकीसारखे ताणलेले लागत असेल आणि ती कुबड काढून कोपऱ्यात बसली असेल, तर काहीही न भरवता थेट दवाखाना गाठावा.

आता ती का खात नाही, याकडे येतो. भूक नसलेला प्राणी खाण्याकडे पाहत नाही. चिंगी मिरची पाहून धावते, तोंडात घेते आणि टाकते. म्हणजे भूक शाबूत आहे आणि अडचण तोंडात आहे. त्यात ओली हनुवटी मिळवली, की माझा पहिला संशय दाढांवर जातो. गिनी पिगच्या तोंडात वीस दात असतात आणि ते सगळेच आयुष्यभर वाढतात. भरपूर, चरबरीत गवत तासन् तास दळले तरच दाढा झिजतात. पेलेट, कोबी आणि पोळीने त्या झिजत नाहीत. खालच्या दाढा आतल्या, म्हणजे जिभेच्या बाजूला वाढतात आणि वरच्या गालाच्या बाजूला.

याबाबतची माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती आजही अनेक ठिकाणी घडते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे असाच एक नर आला होता. पुढचे पटाशीचे दात लांब आणि तिरके झालेले दिसले, मी ते कापून दिले, घरचे समाधानाने गेले. आठवड्याने तो परत आला तेव्हा आणखी ९० ग्रॅम उतरला होता. त्या वेळी प्रथमच मी कान तपासण्याचे यंत्र त्याच्या तोंडात घातले. या प्राण्याचे तोंड इतके अरुंद असते आणि चघळलेल्या चोथ्याने इतके भरलेले असते, की आधी ओल्या कापसाच्या बोळ्याने ते साफ करावे लागले. मग दिसले, की दोन्ही बाजूंच्या खालच्या पहिल्या दाढा जिभेवरून एकमेकींकडे झुकून जवळजवळ टेकल्या होत्या. कमानीखाली अडकलेली जीभ वर उचलताच येत नव्हती आणि तिच्या कडेला पांढरट जखम होती. जीभ उचलता आली नाही तर घास गिळता येत नाही. पुढचे दात लांबले होते ते नीट चावता येत नसल्यामुळे. मी परिणाम कापला होता आणि कारण तसेच ठेवले होते. भूल देऊन दाढा समतल केल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून गवत ओढले.

तेव्हा दवाखान्यात गेल्यावर दाढा पाहिल्या का, हे स्पष्ट विचारावे. पुढचे दात ठीक आहेत म्हणजे तोंड ठीक आहे, असे होत नाही. शुद्धीवर असताना झालेल्या तपासणीत सारे दिसतेच असेही नाही. संशय पक्का असेल तर भुलेखाली तपासणी आणि कवटीचा एक्स-रे लागतो, कारण दाढांची मुळे खाली जबड्यात वाढली असतील तर निव्वळ वरून घासून काम भागत नाही, आणि दर काही आठवड्यांनी हे पुन्हा करावे लागू शकते. ते आधीच माहीत असलेले बरे.

जीवनसत्त्व क हा क्रमातला दुसरा भाग, आणि तो आजच सुरू करता येतो. माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या यकृतातही हे जीवनसत्त्व बनवण्याच्या साखळीतले शेवटचे विकर (एन्झाइम) नसते. नॉर्वेमध्ये १९०७ साली होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांनी गिनी पिगना केवळ धान्य आणि पाव देऊन ठेवले, तेव्हा त्या प्राण्यांना माणसासारखाच स्कर्व्ही, म्हणजे जीवनसत्त्व क च्या अभावाचा रोग, झाला. या रोगाच्या अभ्यासाला त्यातून वळण मिळाले. ससा हे जीवनसत्त्व स्वतः बनवतो, म्हणून सशाच्या पेलेटमध्ये ते घातलेले असण्याचे कारण नसते. गिनी पिगचे म्हणून विकलेले पेलेटही पाकीट तयार झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनंतर भरवशाचे राहत नाहीत. चिंगीचा कोबी आणि गाजर पाहता तिला स्कर्व्ही झालाच असेल असे नाही, पण सौम्य कमतरता नक्कीच संभवते, आणि सौम्य कमतरतेतही सांधे दुखतात, हिरड्या हळव्या होतात, जखमा भरत नाहीत. आजारी प्राण्याला दर किलोमागे ३० ते ५० मिलिग्रॅम रोज लागते. लहान मुलांच्या थेंबांच्या बाटलीवर एका मिलीत १०० मिलिग्रॅम असे लिहिलेले असेल, तर चिंगीला रोज पाव मिली पुरे, तेही तोंडात. पिण्याच्या पाण्यात ते घालण्याची पद्धत मी सोडून दिली आहे. पाण्यात ते काही तासांत नासते, चव बदलल्याने प्राणी पाणी कमी पितो, आणि गुलाबी डागामुळे मूतखड्याचा संशय असलेल्या प्राण्याने कमी पाणी पिणे आपल्याला मुळीच परवडणारे नाही. दात ठीक झाल्यावर ढोबळी मिरची, कोथिंबीर आणि पेरूची फोड यांतून ही गरज बरीचशी भागेल.

गुलाबी डागाविषयी घाई आणि घबराट दोन्ही नकोत. गिनी पिगची लघवी मुळातच गढूळ असते आणि वाळल्यावर पांढरी भुकटी उरते, कारण जास्तीचे कॅल्शियम हा प्राणी लघवीवाटे टाकतो. काही भाज्यांमुळेही लघवीला तांबूस छटा येते. आपण बीट दिले होते का, ते आठवून पाहावे. पुन्हा डाग दिसला तर पांढऱ्या कागदी रुमालावर टिपून फोटो काढावा आणि ताजी लघवी सिरिंजने उचलून दवाखान्यात तपासणीपट्टीवर पाहू द्यावी. रक्त ठरले, तर मादीत ते मूत्राशयातूनही येते आणि गर्भाशयातूनही. लघवी करताना ती पाठ वाकवून चिरक्या आवाजात ओरडते का, याकडे लक्ष द्यावे. या जातीतले खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने साध्या एक्स-रेमध्ये ते खडूसारखे ठळक दिसतात. भुलेखाली दाढा तपासायच्या असतील तर त्याच वेळी पोटाचाही एक्स-रे काढून घ्यावा. तिला दोनदा त्रास देण्यापेक्षा ते बरे.

कुशींवरचे विरळ केस ही आपल्याला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट दिसते, कारण प्रश्नात तीच सर्वप्रथम होती. माझ्या क्रमात ती बरीच खाली आहे. मध्यम आणि उतार वयातल्या मादीत दोन्ही कुशींवर सारखेच, खाज नसलेले टक्कल पडत असेल, तर बीजकोशातील सिस्टचा विचार आधी येतो. अशा द्रवाच्या पिशव्या या वयात इतक्या सर्रास आढळतात, की सोनोग्राफीत त्या दिसल्या नाहीत तरच मला आश्चर्य वाटेल. पिशव्या मोठ्या असतील, पोटाचा आकार पेरूसारखा झाला असेल किंवा तिथे हात लावल्यावर ती ओरडत असेल, तर त्यावर काही करावे लागेल : बीजकोश काढण्याची शस्त्रक्रिया, संप्रेरकाचे इंजेक्शन, किंवा सोनोग्राफीत पाहून सुईने द्रव काढणे. चिंगी दोन वर्षांची आणि धडधाकट असती, तर मी शस्त्रक्रियेकडे झुकलो असतो. पाच वर्षांच्या, वजन उतरत असलेल्या मादीवर ती आज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. महिनाभराने वजन स्थिर झाले आणि त्रास दिसला, तर तेव्हा विचार करावा. टक्कल दिसायला वाईट असले, तरी तिला त्याचा त्रास नाही.

अर्थात टक्कल आणि खाज एकत्र असेल, तर चित्र बदलते. खरजेच्या किड्यांमुळे पाठीवर खपल्या येतात आणि खाज इतकी भयंकर असते, की प्राणी खाजवता खाजवता फिट आल्यासारखा कोलमडतो. नाक, डोळे, कान यांभोवती गोल, खवलेदार चट्टे असतील तर ते गजकर्ण असू शकते, आणि ते माणसालाही लागते. घरात लहान मूल असेल तर निदान होईपर्यंत हात धुण्याची शिस्त पाळावी.

पायांच्या तळव्यांना औषधाआधी जमीन लागते. जाळीचा तळ असेल तर आजच त्यावर जाड टॉवेल किंवा मऊ सुती घडी घालावी आणि रोज बदलावी. नखे एकदम आखूड करू नयेत. इतक्या वर्षांत आतली शीरही लांबली असणार. दर दहा-बारा दिवसांनी टोकापुरते कापत गेले की शीर मागे हटते.

आता एक इशारा, आणि तो मी जरा आवाज चढवूनच देतो. घरात मुलांच्या किंवा कुत्र्याच्या औषधांतले उरलेले अँटिबायोटिक चिंगीला देऊ नये. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिनच्या जातीची इतर औषधे, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधे तिच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मारतात, त्यांच्या जागी विष बनवणारे जिवाणू माजतात, आणि काही दिवसांत जुलाब होऊन प्राणी दगावतो. कुत्र्यामांजरांवर रोज उपचार करणाऱ्याच्या हातूनही सवयीने हे औषध लिहिले जाऊ शकते, म्हणून औषधाचे नाव आपणच वाचावे आणि गिनी पिगला ते चालते ना, हे विचारण्यात संकोच करू नये. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांसारखे पर्याय असतात.

सशाला तूर्त वेगळ्या खोलीत ठेवावे. सशाच्या नाकात बोर्डेटेला नावाचा जिवाणू काहीही लक्षण न दाखवता राहू शकतो आणि गिनी पिगमध्ये त्यामुळे जीवघेणा न्यूमोनिया होतो. हा सहवास मी पुढेही सुचवणार नाही.

खाण्यातला बदल सावकाश करावा. गिनी पिगला खाण्याची ओळख लहानपणी होते आणि म्हातारपणी ती नव्या वस्तूला अन्न मानायलाच तयार नसते. म्हणून कोबी एकदम बंद न करता त्यात चिरलेली हरळी मिसळावी. आयात केलेले टिमथी गवत महाग पडत असेल, तर फुलबाजारात मिळणाऱ्या दूर्वा म्हणजे हरळीच. फवारणीची शंका असल्याने त्या नीट धुवून, निथळून द्याव्यात. मात्र चाऱ्याच्या दुकानात मिळणारी लसूणघास तिला रोज देऊ नये. नावात लसूण असले तरी ती लसूण नव्हे. पण तिच्यात कॅल्शियम फार असते, आणि लघवीचा प्रश्न सुटेपर्यंत शेवग्याचा पालाही टाळावा. पोळी आजपासून बंद.

थोडक्यात, आज भरवणे आणि जीवनसत्त्व क, उद्या-परवा दाढांची तपासणी आणि त्याच वेळी पोटाचा एक्स-रे, याच आठवड्यात जमीन आणि नखे, आणि बीजकोश वजन सावरल्यावर, असा हा क्रम आहे. भूल ठरली तर एक गोष्ट सांभाळावी : कुत्र्यामांजराला भुलेपूर्वी उपाशी ठेवतात, तसे हिला रात्रभर उपाशी ठेवू नये, कारण गिनी पिगला उलटी होतच नाही आणि उपास तिला बाधतो. जाताना तिच्या ओळखीचा कोबी, वजनाची वही आणि ताज्या लेंड्यांची डबी बरोबर न्यावी, आणि शुद्धीवर आल्यावर पहिल्या काही तासांतच सिरिंजने भरवायला सुरुवात करावी. तपासणीनंतरच्या चार-पाच दिवसांचे वजनाचे आकडे कळवलेत, म्हणजे सोनोग्राफी कधी करायची ते ठरवता येईल.